परिच्छेद-शैली

परिच्छेद-शैली : वर्ड प्रोसेसरमध्ये लिहिलेल्या परिच्छेदाला त्याच्या कार्यानुसार दिलेले नाव व त्या नावाशी जोडलेला स्वरूपविषयक नियमांचा संच. मथळा, उपमथळा, मुख्य मजकूर, अवतरण ही अशा नावांची उदाहरणे होत. अक्षरांचा फाँट व आकार, ओळींमधील अंतर, समास, परिच्छेदाच्या आधी व नंतर सोडावयाची जागा हे नियम नावाखाली एकदाच नोंदले जातात व त्या नावाच्या सर्व परिच्छेदांना लागू होतात. परिच्छेद कसा दिसावा हे दर ठिकाणी न सांगता तो काय आहे एवढेच लेखकाने सांगावे, हे या पद्धतीचे मूलतत्त्व होय.

पूर्वपीठिका : मजकुराचे भाग वेगळे दाखविण्याची गरज जुनी आहे. मध्ययुगीन यूरोपीय हस्तलिखितांत नव्या भागाचा आरंभ परिच्छेदचिन्हाने दाखवीत व ते पुष्कळदा तांबड्या शाईने काढीत. भारतीय पोथ्यांतील मजकूर बहुधा सलग लिहिलेला असे. दंड, अध्यायसमाप्तीची पुष्पिका इत्यादींवर गेरू वा हिंगूळ लावून ती नजरेत भरतील असे करीत. मुद्रणालयात या कामाची विभागणी झाली. संपादक मुद्रणप्रतीवर मथळा, उतारा, टीप अशा खुणा करी आणि जुळारी ठरलेल्या रीतीनुसार खिळे निवडी. टंकलेखन यंत्राने मात्र ही दोन्ही कामे एकाच व्यक्तीकडे आणली. मथळा मध्यभागी आणण्यासाठी रिकाम्या जागा मोजणे, त्याखाली रेघ ओढणे, अंतरासाठी कोरी ओळ सोडणे या सवयी टंकलेखकांच्या हाती बसल्या व पुढे संगणकावरही आल्या. परिच्छेद-शैलीचा इतिहास हा मुद्रणालयातील ती जुनी विभागणी पुन्हा प्रस्थापित करण्याचा इतिहास आहे.

विकास : अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत जेरोम सॉल्ट्झर यांनी १९६४ मध्ये ‘रनऑफ’ ही मजकूर मांडणीची आज्ञावली तयार केली. तीत मजकुराच्या ओळींमध्ये टिंबाने सुरू होणाऱ्या आज्ञा लिहीत. परंतु ‘ओळ मध्यभागी घ्या’, ‘जागा सोडा’ अशा त्या आज्ञा केवळ स्वरूपापुरत्या होत्या. सप्टेंबर १९६७ मध्ये कॅनडाच्या शासकीय मुद्रणालयात झालेल्या सभेत विल्यम टनिक्लिफ यांनी मजकुराचा आशय व त्याचे स्वरूप एकमेकांपासून अलग ठेवावे, असा विचार मांडला. आयबीएम कंपनीत चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर व रेमंड लोरी यांनी १९६९ मध्ये याच तत्त्वावर ‘जीएमएल’ ही खूणभाषा रचली; तिचे नाव या तिघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांशी जुळते. तिच्यातून विकसित झालेली ‘एसजीएमएल’ ही भाषा १९८६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक (आयएसओ ८८७९) ठरली.

दुसरा प्रवाह पडद्यावरील लेखनाचा. झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात बटलर लॅम्पसन व चार्ल्स सिमोनी यांनी १९७४ मध्ये ‘ब्राव्हो’ तयार केला. छपाईत दिसणारे स्वरूप पडद्यावरही दाखविणारा हा आरंभीचा वर्ड प्रोसेसर होय. सिमोनी १९८१ मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये गेले. तेथे १९८३ मध्ये प्रसृत झालेल्या ‘वर्ड’मध्ये शैलीपत्रकाची सोय होती. अशा रीतीने संगणकतज्ज्ञांपुरती असलेली कल्पना कार्यालयीन लेखनिकाच्या हाती आली. संकेतस्थळांसाठी हेच तत्त्व हाकून व्ह्यूम ली यांनी १९९४ मध्ये सुचविले व ‘सीएसएस’ या नावाने डिसेंबर १९९६ मध्ये त्याची शिफारस प्रसिद्ध झाली.

उपयोजन : पडद्यावर स्वरूप तत्काळ दिसू लागल्याने एक भ्रमही निर्माण झाला. ओळ निवडून अक्षरे मोठी व ठळक केली, की ती मथळ्यासारखी दिसते. परंतु संगणकाच्या लेखी तो साधा परिच्छेदच राहतो. त्यामुळे अनुक्रमणिका आपोआप तयार होत नाही आणि शंभर मथळ्यांचा आकार बदलावयाचा असल्यास शंभर वेळा हात लावावा लागतो. शैली योग्य रीतीने लावताना पुढील गोष्टी महत्त्वाच्या ठरतात : (१) शैलीची निवड परिच्छेदाच्या कार्यावरून करावी, तिच्या दिसण्यावरून नव्हे. (२) मथळ्यांच्या पातळ्या क्रमाने घ्याव्यात. वर्डमध्ये अशा नऊ पातळ्या आहेत. (३) अंतरासाठी कोऱ्या ओळी न सोडता ते शैलीतच नोंदवावे. (४) बदल हवा असल्यास तो परिच्छेदात न करता शैलीत करावा. कारण हाताने केलेला बदल शैलीच्या नियमाला झाकून टाकतो. (५) एक शैली दुसरीवर आधारलेली असू शकते. आधारशैली बदलली, की तिच्यावर अवलंबून असलेल्या शैलीही बदलतात, हे ध्यानात ठेवावे.

मराठी लेखन : मराठीत या पद्धतीपुढे वेगळीच अडचण होती. युनिकोडचा वापर रूढ होण्यापूर्वी मराठी मजकूर बहुधा रोमन अक्षरांच्या संकेतांकांवर देवनागरी आकृती बसविलेल्या फाँटांत लिहीत. तेथे अक्षर कोणते, हेच फाँटवर अवलंबून असे. शैली लावताना फाँट बदलला, की संपूर्ण परिच्छेद रोमन अक्षरांचा निरर्थक समूह होऊन बसे. आशय व स्वरूप अलग करण्याचे तत्त्व येथे मुळातच लागू पडत नव्हते. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीच्या वर्णांना स्वतंत्र संकेतांक मिळाले आणि पुढे त्याचा प्रसार झाल्यावर हा अडसर दूर झाला. तथापि वर्ड व लिबरऑफिस या दोहोंतही देवनागरीसारख्या लिप्यांचा फाँट शैलीमध्ये रोमन लिपीच्या फाँटहून वेगळा नोंदवावा लागतो. तो न नोंदविल्यास शैलीतील रोमन फाँट बदलूनही मराठी मजकूर पूर्वीसारखाच दिसतो व शैली निरुपयोगी असल्याचा गैरसमज होतो.

महत्त्व : डोळस वाचक ठळक अक्षरांवरून मथळा ओळखतो. अंध वाचकाला पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणारी आज्ञावली मात्र मथळ्याची नोंद असेल, तरच एका प्रकरणावरून दुसऱ्यावर नेऊ शकते. शैली न लावलेला दोनशे पृष्ठांचा अहवाल त्याच्या दृष्टीने खंड नसलेली एकच ओळ ठरतो. पोथीतील गेरूची खूण वाचकाला वाट दाखवीत असे. तेच काम, डोळ्यांवर विसंबून न राहता, परिच्छेद-शैली करते.