सपाट थर आणि पोकळ गोल

काही द्रव्ये थराथरांनी बनलेली असतात. शिसपेन्सिलीतील ग्रॅफाइट हे त्यांतले परिचित उदाहरण. टंगस्टन व गंधक यांचे संयुग, टंगस्टन डायसल्फाइड, याच प्रकारातले. त्याच्या प्रत्येक थरात मध्ये टंगस्टनचे आणि दोन्ही अंगांना गंधकाचे अणू असतात. थराच्या आतले बंध बळकट, परंतु दोन थरांमधली ओढ दुबळी. म्हणून थर एकमेकांवरून घसरतात आणि हे द्रव्य कोरडे वंगण म्हणून उपयोगी पडते.

असे थर आपण होऊन वळतील काय? १९३० साली अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांनी या प्रश्नाचा विचार केला. चिनी मातीतील थरांची दोन अंगे भिन्न असल्याने ते वाकू शकतील. ज्यांची दोन्ही अंगे सारखी, ते मात्र वळणार नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता.

१९८५ साली क्रोटो, कर्ल व स्मॉली यांना साठ कार्बन अणूंचा बंद गोल सापडला. १९९१ मध्ये जपानच्या सुमिओ इजिमा यांनी कार्बनच्या सूक्ष्म नळ्यांचे वर्णन केले. लगेच १९९२ साली इस्राएलमधील रेहोवोत येथील वाइझमन संस्थेत रेशेफ टेन्ने व त्यांच्या सहकाऱ्यांना टंगस्टन डायसल्फाइडचेही तसेच पोकळ कण व नळ्या आढळल्या. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ते कांद्याच्या पापुद्र्यांसारखे एकात एक बसलेले दिसत होते.

मग पॉलिंग यांचा तर्क चुकीचा होता काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. विस्तीर्ण थराला तो लागू पडतो. परंतु थर अतिसूक्ष्म झाला की कडेवरील अणूंचे प्रमाण वाढते. त्यांचे काही बंध मोकळे राहतात. वाकण्यास ऊर्जा खर्ची पडते खरी. तरी कडा जुळून मोकळे बंध मिटल्याने होणारा लाभ त्याहून मोठा असतो. म्हणून थर स्वतःवरच मिटतो.

१९९७ साली याच संस्थेतून हे पोकळ कण वंगण म्हणून तपासल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. सपाट तुकड्यांच्या उघड्या कडा धातूला चिकटतात. बंद कणाला अशा कडाच नसतात. त्यामुळे घर्षण व झीज कमी झाल्याचे आढळले.

वाचकहो, थोरांचा शब्द आदरानेच वाचावा. मात्र तो कोणत्या मर्यादेत खरा आहे, हे पारखणे हाही त्या आदराचाच भाग आहे. येथे ही पारख व्हायला बासष्ट वर्षे लागली.