कॉलरवरचा ४०

टी-शर्टच्या आत ४० छापलेलं असतं आणि ऑफिसच्या शर्टाच्या कॉलरमध्येही ४० असतं, पण या दोन आकड्यांचं कूळ एक नाही. टी-शर्टवरचा ४० हा छातीचा घेर, इंचांत. कॉलरमधला ४० हा गळ्याचा घेर, सेंटिमीटरमध्ये, म्हणजे जेमतेम पावणेसोळा इंच. ३८, ३९, ४०, ४२ अशी ती वेडीवाकडी चाल गळ्याची आहे. दुकानात पोटावर शर्ट धरून बघणाऱ्यांना हे कोणी सांगत नाही.

शर्टाचं माप गळ्यावर ठरण्याची गोष्ट अमेरिकेतल्या ट्रॉय गावापाशी जाते. तिथल्या हॅना मॉन्टेग्यूने १८२७ च्या सुमारास नवऱ्याच्या शर्टांच्या कॉलरी कापून वेगळ्या धुवायला सुरुवात केली, कारण मळायची तेवढी कॉलरच. सुट्या कॉलरींचा धंदा ट्रॉयमध्ये इतका वाढला की गावाची ओळखच ती झाली. अंगात शर्ट ढगळ असला तरी चालायचा, गळ्याचं बटण मात्र लागायलाच हवं. म्हणून आकडा गळ्याचा. पण धुतल्यावर कापड आटलं की त्या आकड्याला अर्थ उरत नसे. त्यावरचा इलाजही ट्रॉयच्याच कॉलर कंपनीतून आला. सॅनफर्ड क्लुएट यांनी कापड आधीच आटवून घेण्याची रीत शोधली. मुंबईच्या गिरण्यांच्या कापडावर त्या रीतीचा ‘सॅन्फोराइज्ड’ हा शिक्का पाहिलेले लोक आजही भेटतील. तो शिक्का नसता तर तयार शर्ट डोळे झाकून घेण्याची हिंमत कोणी केली नसती.

मुंबईत वरळीच्या सेंच्युरी मिलचं कापड मात्र निघे ते मीटरवर विकायला. माप घेणं शिंप्याचं काम. पुढे वरळीच्याच डॉ. अ‍ॅनी बेझंट रोडवर तयार शर्ट विकणाऱ्या ज्या झोडिअ‍ॅकचं कार्यालय आलं, त्या कंपनीची सुरुवात १९५४ मध्ये टायपासून झाली. आधी गळ्यातला टाय, मग शर्ट.

टोपीचा हिशेब सरळ आहे. २२ नंबरची गांधी टोपी म्हणजे डोक्याचा घेर २२ इंच. त्याच डोक्याला अमेरिकन हॅट ७ नंबरची लागते, कारण तिथे घेराऐवजी व्यास धरतात. तान्ह्या बाळाचं डोकं साधारण ३५ सेंटिमीटर असतं, वर्षात ते ४६ च्या आसपास जातं आणि पुढच्या सगळ्या आयुष्यात त्या एका वर्षात वाढलं जेमतेम तेवढंच आणखी वाढतं. टोपड्याला नंबर न देता बंद लावणाऱ्या बायकांना हे अनुभवानं ठाऊक होतं. मुलांचे कपडे शिंपी वाढत्या अंगाचे शिवत, शिवणीत माया ठेवत, आणि दिवाळीनंतर ती उसवत.

तयार कपड्यांत ती माया नाही. त्यांच्यावर ‘६-७ वर्षे’ एवढंच लिहिलेलं असतं, आणि एकाच वर्गातली दोन सात वर्षांची मुलं शेजारी उभी केली तर त्यातला फोलपणा दिसतो. मुलांसाठी वय सोडून उंची आणि छाती मोजूनच कपडा घ्यावा. फॅशनचं शिक्षण देणाऱ्या ‘निफ्ट’ या संस्थेने भारतीय अंगांचा तक्ता करण्यासाठी ‘इंडियासाइझ’ प्रकल्प घेतला. मुंबईसह सहा शहरांत २५ हजारांवर माणसं थ्री-डी स्कॅनरने मोजायचं ठरलं, वय १५ ते ६५. पंधराच्या आतली मुलं त्यात नाहीत, आणि माप सर्वांत जास्त बदलतं ते त्यांचंच. पुढची मोजणी बालवाडीपासून व्हायला हवी.