औषध होते, कायदा नव्हता

कायद्यापुढे सर्व समान, हे वाक्य आपण शाळेत पाठ केले. आम्ही त्यात एक प्रश्न जोडतो : कायदा जागा कधी होतो आणि कोणासाठी? अमेरिकेतील नॅलोक्सोनचा इतिहास या दृष्टीने वाचला पाहिजे.

हेरॉइन किंवा फेंटॅनिलचा डोस जास्त झाला की श्वास मंदावत जाऊन थांबतो. नॅलोक्सोन वेळेत मिळाले तर काही मिनिटांत श्वास परत येतो. त्याने नशा होत नाही, व्यसनही लागत नाही. १९७१ मध्ये या औषधाला अमेरिकेत सरकारी मान्यता मिळाली. मग माणसे का मरत राहिली? कारण औषध ज्याच्या नावाची चिठ्ठी त्यालाच मिळे. आणि बेशुद्ध माणूस स्वतःला औषध कसे देणार? शेजारी बसलेल्या मित्राला ते जवळ बाळगायची मुभा नव्हती. पोलिसांच्या भीतीने तो मदतही बोलवत नसे.

त्या काळात कायदा झोपला नव्हता. १९७३ मध्ये न्यूयॉर्कने अमली पदार्थांसाठी १५ वर्षे ते जन्मठेपेपर्यंतच्या शिक्षा आणल्या. १९८६ च्या केंद्रीय कायद्यात ५ ग्रॅम क्रॅकला जी किमान शिक्षा, तीच ५०० ग्रॅम कोकेन पावडरीला. क्रॅकच्या खटल्यांत तुरुंगात गेले ते बहुतांश कृष्णवर्णीय. त्यांच्यासाठी बेडी होती, औषध नव्हते.

वाट काढली ती कार्यकर्त्यांनी. १९९६ पासून शिकागो रिकव्हरी अलायन्सने कायद्याची वाट न पाहता व्यसनी लोकांच्याच हाती नॅलोक्सोन दिले. २००१ मध्ये न्यू मेक्सिको या गरीब, मोठ्या हिस्पॅनिक लोकसंख्येच्या राज्याने पहिला कायदा केला : औषध देणाऱ्या सामान्य माणसावर खटला नाही. २००७ मध्ये त्याच राज्याने मदत बोलावणाऱ्यालाही संरक्षण दिले. बाकी बहुतेक राज्ये थंड राहिली.

पुढे वेदनाशामक गोळ्यांचे व्यसन गोऱ्या गावांत, मध्यमवर्गीय घरांत शिरले आणि भाषा बदलली. कालचा ‘गुन्हेगार’ आज ‘रुग्ण’ झाला. २०१७ पर्यंत सर्व ५० राज्यांत नॅलोक्सोनचे कायदे झाले. २०२३ मध्ये नाकात मारायचा फवारा चिठ्ठीशिवाय विकायला परवानगी मिळाली.

हे कायदे चांगलेच आहेत. गोऱ्या मुलाचा जीव वाचला याचे आम्हाला दुःख नाही. आधी मेलेल्यांचा हिशेब कोणी मागत नाही, याचे आहे. आणि तो हिशेब अजून बंद झालेला नाही. अनेक राज्यांत जुने वॉरंट असलेल्याला मदत बोलावूनही संरक्षण मिळत नाही. ज्या वस्तीत पोलीस रोज दारात, तिथे फोन करायला हात धजेल का? २०२० मध्ये, सर्व राज्यांत कायदे असताना, ओव्हरडोसने मरणाऱ्या कृष्णवर्णीयांचा दर गोऱ्यांच्या दरापेक्षा वर गेला.

औषधाला रंग कळत नाही. तो व्यवस्थेला कळतो. म्हणून कायदा झाला की लढाई संपली, असे कोणी सांगितले तर विचारा : तो कोणाच्या दारापर्यंत पोहोचला?