पांडू राजार ढिबी : बंगालमधील ताम्रपाषाणयुगीन वसाहत

पांडू राजार ढिबी हे पश्चिम बंगालमध्ये सर्वप्रथम उजेडात आलेले ताम्रपाषाणयुगीन वसाहतीचे स्थळ आहे. अजय नदीच्या दक्षिण तीरावर, आजच्या पूर्व बर्धमान जिल्ह्यातील पांडुक गावाजवळ ते वसलेले आहे. बंगालीत ‘ढिबी’ म्हणजे टेकाड. महाभारतातील पांडू राजाशी या टेकाडाचा संबंध असल्याची स्थानिक समजूत आहे. उत्खननात मात्र राजवाडा नव्हे, तर शेतकरी व मच्छीमारांचे एक प्राचीन गाव प्रकाशात आले. येथील अवशेष कोलकात्याच्या बेहाला भागातील राज्य पुरातत्त्व संग्रहालयात पाहावयास मिळतात.

उत्खननाची पार्श्वभूमी

कोलकाता विद्यापीठाच्या आशुतोष संग्रहालयाने १९५६-५७ पासून कोलकात्याच्या ईशान्येस असलेल्या चंद्रकेतुगड येथे उत्खनन हाती घेतले. त्यातून दक्षिण बंगालमधील नागरी जीवनाचा मागोवा मौर्यकाळापर्यंत घेता आला. त्यापूर्वी या प्रदेशात स्थिर वस्ती होती काय, हा प्रश्न अनुत्तरित होता. राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाने परेशचंद्र दासगुप्त यांच्या मार्गदर्शनाखाली १९६२ ते १९६५ या काळात पांडू राजार ढिबी येथे उत्खनन केले आणि या प्रश्नाचे उत्तर मिळाले. १९८५ मध्ये तेथे पुन्हा उत्खनन करण्यात आले.

मिळालेले अवशेष

काळ्या-तांबड्या रंगाची मृद्भांडी, सूक्ष्म पाषाणास्त्रे, हाडांची हत्यारे आणि तांब्याचे दागिने व मासे धरण्याचे गळ येथे सापडले. काही भांड्यांवर पांढऱ्या रंगाची नक्षी आहे. घरे बोरू व माती यांची असून जमिनी मुरूम चोपून तयार केलेल्या होत्या. वस्तीतच मृतांचे दफन केल्याचे आढळले. मृद्भांड्यांच्या मातीत भाताच्या तुसांचे ठसे मिळाले. वरच्या थरांत लोखंडाचा वापर सुरू झालेला दिसतो. तांब्याकडून लोखंडाकडे झालेला बदल त्यामुळे एकाच ठिकाणी अभ्यासता येतो.

येथील एका नमुन्याचा कार्बन-१४ पद्धतीने काढलेला काळ इ. स. पूर्व १०१२ असा असून त्यात १२० वर्षांचा फरक संभवतो. बीरभूम जिल्ह्यातील महिषदल येथे १९६३-६४ मध्ये झालेल्या उत्खननात जळालेले तांदूळ मिळाले. पांडू राजार ढिबी ही एकाकी वस्ती नव्हती, हे त्यावरून स्पष्ट झाले.

वादग्रस्त निष्कर्ष

एका मुद्रेवरील चिन्हांचा संबंध दासगुप्त यांनी भूमध्य समुद्रातील क्रीट बेटाच्या लिपीशी जोडला व प्राचीन बंगालचा त्या प्रदेशाशी सागरी व्यापार असावा, असे मत मांडले. बहुतेक अभ्यासकांनी ते स्वीकारले नाही. एखाद-दुसऱ्या वस्तूवरून दूरदेशीचे संबंध सिद्ध होत नाहीत, हा त्यांचा आक्षेप होता. तरीही उत्खननाचे मूल्य कमी होत नाही. त्याचे महत्त्व तुसांच्या ठशांत, चोपलेल्या जमिनींत आणि थरांच्या क्रमात आहे.

महाराष्ट्रातील समकालीन वस्ती

याच सुमारास महाराष्ट्रातही शेतकऱ्यांची गावे नांदत होती. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी असलेल्या इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. इ. स. पूर्व सुमारे १६०० ते ७०० या कालखंडातील १३० हून अधिक घरांचे अवशेष तेथे मिळाले. मातीची घरे, तांब्याचा मर्यादित वापर आणि वस्तीतील दफने ही दोन्ही स्थळांची समान वैशिष्ट्ये होत. मात्र कमी पावसाच्या इनामगावात जव हे मुख्य पीक होते, तर बंगालमध्ये भात. हवामानानुसार प्रत्येक समाजाने आपला मार्ग शोधल्याचे त्यातून दिसते.

महाराष्ट्रात जुन्या वस्तीच्या अशा टेकाडांना ‘पांढरीची टेकाडे’ म्हणतात. तेथील माती शेतात टाकण्यासाठी वा बांधकामासाठी उकरून नेली जाते. थर एकदा विस्कटले की त्यांतील वस्तूंचा काळ व परस्परसंबंध पुन्हा जुळविता येत नाही. लेखी साधने नसलेल्या काळाचा इतिहास केवळ या थरांतच उरलेला असल्याने अशा टेकाडांचे संरक्षण अगत्याचे ठरते.