रात्रीचा पहारा आणि शेजारधर्म

पहारा ही मानवी सहजीवनातील फार जुनी संस्था आहे. न्यायालये आणि पोलीस ठाणी अस्तित्वात येण्याच्या कितीतरी आधी माणसाने आळीपाळीने जागे राहण्याची रीत पाडली. शुभवर्तमानात रात्र तासांनी नव्हे, तर प्रहरांनी मोजलेली आढळते आणि ते प्रहर पहारेकऱ्यांच्या पाळ्यांवरून ठरलेले आहेत. आपल्या मराठीतही ‘प्रहर’ आणि ‘पहारा’ हे शब्द एकाच मुळाचे. काळाचे मोजमाप जागणाऱ्या माणसावरून व्हावे, ही कल्पना मला नेहमीच अर्थपूर्ण वाटत आली आहे.

आज आपल्या भागात वाड्यांच्या जागी गृहसंकुले उभी राहिली आहेत. फाटकावर गणवेशातील वॉचमन असतो. तरीही चोऱ्या वाढल्या की सोसायटीची सभा भरते आणि ‘आपल्याच तरुणांनी रात्री फेरी मारावी’ असा ठराव पुढे येतो. असा ठराव झाला की कोणीतरी सल्ल्यासाठी धर्मगुरूंच्या निवासाची पायरी चढतो. तरुणांनी शेजाऱ्यासाठी झोप मोडावी, याहून चांगले काय असणार? परंतु या संस्थेचा इतिहास चाळला असता ती दिसते तितकी सरळ नाही, असे ध्यानात येते. तो इतिहास वाचकांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

महाराष्ट्राच्या गावगाड्यात पहाऱ्याचे काम जागल्याकडे असे. कोठे तो महार समाजाचा, कोठे रामोशी, कोठे भिल्ल वा कोळी. चोरी झाली की चोराच्या पावलांचा माग काढीत जागल्याने शिवेपर्यंत जायचे. माग शेजारच्या गावच्या हद्दीत शिरला तर पुढची जबाबदारी त्या गावाची. आपल्याच हद्दीत हरवला तर मात्र नुकसानीचा बोजा जागल्यावर आणि गावावर येई. पेशवाईच्या अस्तानंतर एल्फिन्स्टनने १८१९ मध्ये जो अहवाल लिहिला, त्यात या पद्धतीचे वर्णन आहे. ही व्यवस्था चोख होती, हे खरे. परंतु जुन्या गावगाड्याचे गोडवे गाणाऱ्यांनी एक गोष्ट विसरू नये. ज्यांच्या जागरणावर गाव निर्धास्त झोपे, त्यांच्यापैकी अनेकांना त्याच गावाच्या वेशीबाहेर राहावे लागत असे.

गावाने एकत्रितपणे जबाबदार राहायचे, हे तत्त्व इंग्लंडातही होते. राजा पहिला एडवर्ड याने १२८५ मध्ये विंचेस्टर येथे जो कायदा केला, तो वाचताना आपल्यासारख्या ख्रिस्तजनांना एक गंमत जाणवते. पहाऱ्याचा हंगाम त्यात चर्चच्या सणांनी बांधला आहे. प्रभूच्या स्वर्गारोहणाच्या सणापासून संत मायकलच्या सणापर्यंत, म्हणजे सुमारे मे महिन्यापासून २९ सप्टेंबरपर्यंत, सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत पहारा ठेवायचा. मोठ्या नगरात प्रत्येक वेशीवर सहा माणसे, त्याहून लहान शहरात बारा, खेड्यात लोकसंख्येप्रमाणे सहा किंवा चार. दरोडेखोरांना लपायला जागा मिळू नये म्हणून बाजारपेठांना जोडणाऱ्या हमरस्त्याच्या दोन्ही बाजूंची झुडपे दोनशे फुटांपर्यंत तोडावीत, अशीही आज्ञा होती. पंधरा ते साठ वर्षांच्या प्रत्येक पुरुषाने ऐपतीप्रमाणे शस्त्र बाळगायचे होते. गुन्हेगार पळू लागला की आरडाओरड करून साऱ्या गावाने पाठलाग करायचा आणि परगण्याने चोर हजर केला नाही, तर नुकसानभरपाई परगण्यानेच द्यायची.

या कायद्यातील एका कलमापाशी मी बराच वेळ रेंगाळलो. रात्री अनोळखी माणूस आला तर पहारेकऱ्यांनी त्याला सकाळपर्यंत थांबवून ठेवावे. संशय घेण्यासारखे काही आढळले नाही, तर उजाडल्यावर त्याला मोकळे करावे. संशय आलाच, तर शेरीफच्या स्वाधीन करावे. पहारेकऱ्याचा अधिकार तेथे संपला. शिक्षा करण्याचे काम त्याचे नाही. सातशे वर्षांपूर्वीच्या त्या कायद्याला परक्या माणसाविषयी फारसे प्रेम होते असे नव्हे; पण अंधारात निवाडा करू नये, एवढे शहाणपण त्याला होते.

पुढे ही प्रथा झिजत गेली. ज्याची पाळी असे तो पैसे मोजून बदली माणूस पाठवू लागला आणि बदली माणूस बहुधा म्हातारा व अल्पवेतनी असे. लंडनच्या या पहारेकऱ्यांची खरी परीक्षा १७८० मध्ये झाली. कॅथलिकांवरील काही जाचक निर्बंध १७७८ च्या कायद्याने सैल करण्यात आले होते. ते रद्द करावे म्हणून लॉर्ड जॉर्ज गॉर्डन याने २ जून १७८० रोजी पार्लमेंटवर प्रचंड मोर्चा नेला आणि त्याच रात्री सार्डिनिया व बव्हेरिया या देशांच्या वकिलातींतील प्रार्थनामंदिरे फोडण्यात आली. त्या काळी लंडनच्या कॅथलिकांना उघडपणे मिस्सा ऐकण्याच्या जागा अशा मोजक्याच होत्या. दंगल जवळजवळ आठवडाभर चालली. न्यूगेटचा तुरुंग जळाला, कॅथलिकांची घरे लुटली गेली. आपले घर वाचावे म्हणून लोकांनी दारांवर खडूने ‘पोपशाही नको’ असे लिहून ठेवले. अखेर सैन्य आले आणि सुमारे तीनशे माणसे मारली गेली. गस्तवाले होते, दंडाधिकारी होते. पण शेजाऱ्याच्या दारात जमाव आला तेव्हा त्यांचा कंदील काही कामाचा ठरला नाही. त्यानंतर नागरिकांनी स्वतःची सशस्त्र रक्षक मंडळे काढली. रॉबर्ट पील यांनी लंडनचे पगारी, गणवेशधारी पोलीस दल उभे केले, ते त्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षांनी, १८२९ मध्ये.

आता आपल्या मुंबईकडे वळू. पोर्तुगिजांकडून इंग्रजांकडे आलेले हे बेट १६६८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात गेले. जेराल्ड ऑन्जिए हा १६६९ ते १६७७ या काळात तेथील गव्हर्नर होता. बेटाच्या रक्षणासाठी आणि रात्रीच्या गस्तीसाठी त्याने जमीनधारकांचे एक दल उभारले. १६७३ च्या सुमारास त्यात पाच-सहाशे माणसे होती. ज्याची जमीन, त्याने सेवा द्यायची, असा नियम होता. ब्राह्मण व बनिया यांना तेवढी पैसे भरून सूट मिळे. एस. एम. एडवर्ड्स हे मुंबईचे माजी पोलीस आयुक्त. त्यांनी १९२३ मध्ये मुंबई पोलिसांचा इतिहास प्रसिद्ध केला. त्यात या दलाची जी माहिती मिळते, ती आपल्या समाजातील फार थोड्यांना ठाऊक असेल. दलातील बहुसंख्य शिपाई ख्रिस्ती होते! इंग्रजी कागदपत्रे त्यांना ‘काळे ख्रिस्ती’ म्हणून हिणवतात. त्यांच्या जोडीला मुसलमान खलाशी होते, शेणवी, कुणबी, कोळी होते आणि भंडारी तर इतके महत्त्वाचे की पुढे हे दल भंडारी मिलिशिया म्हणूनच ओळखले जाऊ लागले. माहीम, शिवडी, शीव अशा ठिकाणी त्यांची ठाणी होती. मुंबईची पहिली गस्त अशी सर्व जातिधर्मांच्या शेजाऱ्यांची होती, ही गोष्ट मला आजच्या संदर्भात मोलाची वाटते. अर्थात कंपनीला समतेची चाड होती म्हणून हे घडले नाही. तिच्याजवळ माणसे कमी होती, एवढेच.

या गस्तीच्या जागी नियमित पोलीस अधिकारी आला, तो १७७९ मध्ये. त्याचे नाव जेम्स टॉड. लाचलुचपतीच्या आरोपावरून १७९० मध्ये त्याला बडतर्फ करण्यात आले. त्याच सुमारास पुण्यात घाशीराम कोतवालाचा अंमल होता. रात्री तोफ झाली की रस्त्यावर फिरायला बंदी, आणि सापडेल त्याला कोठडी. ऑगस्ट १७९१ मध्ये त्याच्या कोठडीत तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेले. शहर खवळले आणि घाशीराम दगडांखाली मारला गेला. पहारा करणाऱ्याला जाब विचारणारा कोणी नसला की काय होते, ते मराठी माणसाला परक्या देशाच्या उदाहरणावरून शिकण्याची गरज नाही.

ज्याला आज इंग्रजीत ‘नेबरहूड वॉच’ म्हणतात, ती चळवळ मात्र अलीकडची. न्यूयॉर्कमध्ये मार्च १९६४ मध्ये किटी जेनोव्हेझ या तरुणीचा तिच्या घराजवळ खून झाला. अडतीस शेजाऱ्यांनी पाहिले आणि कोणीच हालले नाही, असे वृत्तपत्राने छापले. ती बातमी बरीच अतिरंजित होती, हे पुढे सिद्ध झाले. पण तोवर अमेरिकेच्या मनाला टोचणी लागून गेली होती. १९७२ मध्ये तेथील शेरीफांच्या राष्ट्रीय संघटनेने शेजारपहाऱ्याचा कार्यक्रम सुरू केला आणि १९८२ मध्ये इंग्लंडातील मॉलिंग्टन या खेड्यात त्याची शाखा निघाली. अशा पहाऱ्यामुळे गुन्हे सरासरी १६ ते २६ टक्क्यांनी घटतात, असे अनेक पाहण्या एकत्र तपासून संशोधकांनी या शतकाच्या पहिल्या दशकात दाखवून दिले आहे. तेव्हा उपयोग नाही, असे कोणी म्हणू नये. परंतु २६ फेब्रुवारी २०१२ रोजी फ्लॉरिडातील सॅनफर्ड येथे ट्रेव्हॉन मार्टिन हा सतरा वर्षांचा निःशस्त्र कृष्णवर्णीय मुलगा मारला गेला, तो अशाच एका स्वयंसेवक पहारेकऱ्याच्या गोळीने. मुलगा त्या वसाहतीत पाहुणा आला होता. पहारेकऱ्याला तो ‘संशयास्पद’ वाटला. स्वसंरक्षणाचा बचाव मान्य होऊन पुढच्या वर्षी आरोपी सुटला.

आपल्या मुंबईने हा संशय डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये पुरेपूर भोगला आहे. ज्यांनी त्या रात्री पाहिल्या, त्यांना वर्णनाची गरज नाही. इमारतीच्या गच्चीवर दगड आणि सोड्याच्या बाटल्या, जिन्याखाली हॉकीच्या काठ्या, आणि आळीपाळीने जागणारी बाप्ये माणसे. समुद्रमार्गे हल्लेखोर येत आहेत, दुधात विष आहे, अशा वावड्या. प्रत्येक गल्ली पहारा देत होती आणि प्रत्येक गल्ली पलीकडच्या गल्लीवरच पहारा देत होती. कित्येक मुसलमान कुटुंबांनी इमारतीच्या फलकावरून आपली नावे पुसून टाकली. लंडनच्या दारांवरच्या खडूची आठवण येथे होते. तेथे लिहून जीव वाचवायचा होता, येथे पुसून. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालाप्रमाणे या दोन महिन्यांत ९०० माणसे मेली. त्यांपैकी ५७५ मुसलमान आणि २७५ हिंदू होते.

त्याच दिवसांत मुंबईला लागून असलेली भिवंडी शांत राहिली. हे आश्चर्य लहान नव्हे. १९७० आणि १९८४ च्या भीषण दंगलींमुळे भिवंडीचे नाव देशभर काळवंडले होते. १९८८ मध्ये तेथे पोलीस उपायुक्त म्हणून सुरेश खोपडे आले. त्यांनी गावात सुमारे सत्तर मोहल्ला समित्या स्थापन केल्या. पुढाऱ्यांना त्यांनी कटाक्षाने बाजूला ठेवले. यंत्रमागावरचा कामगार, दुकानदार अशी साधी माणसे, आणि तीही दोन्ही समाजांची, एका सतरंजीवर बसवली. एकेका मोहल्ल्याची जबाबदारी एकेका पोलिसावर टाकली, जेणेकरून लोकांना तो नावाने ओळखील आणि लोक त्याला. बैठकांत दंगलीचा विषय क्वचितच निघे. नळ, गटार, भाडेकरूची कटकट, नवरा-बायकोचे भांडण, असल्या गोष्टी मिटवता मिटवता माणसे एकमेकांना ओळखू लागली. मग ६ डिसेंबरनंतर अफवा आली, तेव्हा ती खरी की खोटी हे पलीकडच्या मोहल्ल्यात जाऊन विचारण्याइतकी ओळख झालेली होती. या समित्याही पहाराच देत होत्या. फक्त त्यात काठी नव्हती.

मुंबईने हा धडा उशिरा, पण घेतला. १९९४ मध्ये तत्कालीन पोलीस आयुक्त सतीश साहनी यांनी मोहल्ला समित्यांना चालना दिली. ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे, उद्योगपती एफ. टी. खोराकीवाला ही मंडळी त्यात अग्रभागी होती. रिबेरो मूळचे गोव्याच्या कॅथलिक कुटुंबातील. मुंबईचे आयुक्तपद आणि पंजाबातील दहशतवादाविरुद्धचा कठीण काळ अनुभवलेला हा माणूस निवृत्तीनंतर गल्लीबोळांतील बैठकांना जाऊन बसू लागला. तरुणांसाठी या चळवळीने क्रिकेटचे सामने भरवले, हिंदू आणि मुसलमान मुले एकाच संघात घालून. बाहेरून पाहणाऱ्याला हे काम पोरकट वाटते. तसे वाटणाऱ्यांनी १९९३ च्या जानेवारीतली एक रात्र आठवावी.

आणि तरीही इतिहास येथे सुखान्त होत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारे समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. ते भिक्षेकरी होते, मंगळवेढ्याकडून पोट भरायला आलेले. १६ एप्रिल २०२० रोजी, टाळेबंदीच्या काळात, आपल्याच पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे तिघांची हत्या झाली. दोन साधू आपल्या गुरूंच्या अंत्यविधीसाठी सुरतेकडे निघाले होते. तिसरा त्यांचा मोटारचालक. चोर आणि मुले पळवणारे फिरत असल्याच्या अफवांमुळे त्या भागातील गावे रात्रीचा पहारा देत होती. तेथे पोलीस पोहोचले होते, त्यांच्या देखत हे घडले. नंतर त्या घटनेला धर्माचा रंग देण्याचा प्रयत्न झाला, मिशनऱ्यांकडेही बोट दाखवले गेले. तपासाने तसे काही दाखवले नाही. ती रात्र भयाची होती आणि पहारेकऱ्यांच्या हाती दगड होते. तेरा शतके नव्हे, फक्त सकाळपर्यंत थांबण्याचा तो जुना नियम कोणी पाळला असता, तर तीन माणसे वाचती.

महाराष्ट्राच्या पोलीस कायद्यात ग्रामसुरक्षा दलाची तरतूद आहे. त्यात स्वयंसेवकांची रीतसर नेमणूक आणि त्यांवर पोलिसांची देखरेख अपेक्षित आहे. आमच्या धर्मग्रामातील तरुण सल्ल्याला आले, तेव्हा मी त्यांना प्रथम पोलीस ठाण्यात नावे नोंदवून या, असे सांगितले. शिटी आणि विजेरी घ्यावी, काठी घरी ठेवावी, हेही सांगितले; त्यावरून थोडी कुरबुर झाली. शेवटी पाळीपत्रक तयार झाले. प्रत्येक पाळीत एक जण संकुलातला आणि एक जण रेल्वेरुळाकडच्या वस्तीतला, अशी जोडी लावली आहे. वस्तीतील नावे मिळवायला मुलांना तीन रविवार लागले, कारण तोवर तेथे कोणाचे नाव काय हे त्यांच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हते.