पडद्यावरची घरातली माणसे

उल्हासनगरात पत्ता विचारला की आजही ‘अमन टॉकीज रोड’ किंवा ‘व्हीनस चौक’ असे उत्तर मिळते. सिनेमा पाहण्याची रीत बदलली, पण नावे रस्त्यांना चिकटून राहिली. माणसांचेही असेच असते. पडद्यावरचा नट जातो, त्याचे नाव आपल्या बोलण्यात मागे राहते. 2025 च्या ऑगस्ट ते नोव्हेंबर या चार महिन्यांत अशी बरीच माणसे गेली. त्यांच्या आठवणींतून आपल्या कल्याणपलीकडच्या गावांचा एक छोटासा इतिहास सांगता येतो.

फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासितांना आसरा मिळाला आणि 1949 मध्ये त्या वसाहतीचे उल्हासनगर झाले. बराकीत राहायचे, दिवसभर धंदा करायचा आणि जमले तर रात्री सिनेमा पाहायचा, असे ते दिवस. स्वतंत्र भारतातला सुरुवातीचा सिंधी चित्रपट ‘अबाना’ 1958 मध्ये आला. कराचीत जन्मलेली साधना त्यात होती. पुढे ती हिंदी पडद्याची तारका झाली, तेव्हा इथल्या घरांना ती आपलीच लेक वाटली. जयपूरच्या सिंधी घरातले असरानी यांच्याबद्दलही हाच जिव्हाळा होता. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकले आणि पुढे तिथेच त्यांनी शिकवलेही. 1975 च्या ‘शोले’तला त्यांचा जेलर अनेकांनी पाहण्याआधी ऐकला, कारण त्या चित्रपटाच्या संवादांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या होत्या. गणपतीच्या मांडवातल्या कर्ण्यावर त्या लागत आणि अंबरनाथच्या चाळींतली पोरे जेलरची चाल करून दाखवीत.

दुसरे पर्व दूरचित्रवाणीचे. 2 ऑक्टोबर 1972 रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले. आमच्याकडे संच मोजक्याच घरी. मुंबईच्या दिशेने तोंड केलेला अँटेना वाऱ्याने फिरला, की एकाने छपरावर चढायचे आणि बाकीच्यांनी खालून ‘आता दिसतंय, आता गेलं’ असे ओरडायचे. त्याच काळात चिं. वि. जोशी यांचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ घराघरात आले. गुंड्याभाऊ झालेले बाळ कर्वे हे मुंबई महापालिकेत अभियंता होते. नोकरी सांभाळून नाटक करणारा माणूस म्हणजे काय, हे अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतल्या किंवा काडेपेटीच्या कारखान्यातल्या हौशी नटांना समजावून सांगावे लागत नसे. पाळी संपवून तालमीला जाणारी माणसे ती.

अच्युत पोतदार याच जातकुळीचे. आधी लष्कर, मग इंडियन ऑइलमध्ये सुमारे पंचवीस वर्षे नोकरी, आणि त्या जोडीने चित्रपट व मालिका. ‘थ्री इडियट्स’मधल्या प्राध्यापकामुळे नव्या पिढीलाही ते ठाऊक झाले. 18 ऑगस्टला ठाण्यात त्यांचे निधन झाले. एक्क्याण्णवाव्या वाढदिवसाला चार दिवस उरले होते. त्या दिवशी पाऊस कोसळत होता, आणि दुसऱ्या दिवशी तर ठाण्यापुढे मुंबईकडची लोकल वाहतूकच थांबली. बदलापूरचा नोकरदार घरी कसे पोहोचायचे या काळजीत आणि हातातल्या मोबाइलवर ही बातमी. क्षणभर हळहळून तो पुन्हा इंडिकेटरकडे बघू लागतो. यात बेपर्वाई नाही. आपला शोक असाच कामाच्या गडबडीत, उभ्या उभ्या होतो.

पुढचे दिवसही सणांचेच निघाले. 28 ऑगस्टला, दीड दिवसाच्या गणपतीच्या विसर्जनादिवशी, बाळ कर्वे गेले. वय 95. गौरी आल्या त्या 31 ऑगस्टला ठाण्याची प्रिया मराठे गेली, अवघ्या अडतिसाव्या वर्षी, कर्करोगाने. मालिकांतून रोज संध्याकाळी घरात येणारी ही मुलगी. गौरीला साड्या नेसवता नेसवता बायकांनी डोळे पुसले. 20 ऑक्टोबरला ऐन दिवाळीत असरानी गेले. अंत्यसंस्कार आधी झाले आणि बातमी नंतर कळली. पाच दिवसांनी सतीश शाह. ‘ये जो है जिंदगी’मध्ये दर भागात नवे सोंग घेणारे आणि ‘जाने भी दो यारों’त चक्क प्रेत होऊन हसवणारे.

नोव्हेंबरात मात्र एक वाईट गोष्ट घडली. 11 तारखेला धर्मेंद्र गेल्याची बातमी सर्वत्र पसरली, आणि कुटुंबीयांना ते हयात असल्याचे सांगावे लागले. त्यांचे निधन झाले ते 24 नोव्हेंबरला. पूर्वी निधनाची बातमी आकाशवाणीच्या बातम्यांत ऐकू येई किंवा सकाळच्या पेपरात वाचायला मिळे. तिला उशीर होई, पण तेवढ्यात कुणीतरी खात्री करून घेतलेली असे. आता गाडी ठाकुर्लीहून कल्याणला पोहोचेपर्यंत श्रद्धांजलीचे पन्नास संदेश येऊन पडतात. जिवंत माणसाला फुले वाहणाऱ्या घाईला स्मरण कसे म्हणावे?

श्रोतेहो, मोठ्या नटांचे चरित्र कुणीतरी लिहीलच. पण त्यांना आपण कुठे पाहिले, कुणाच्या घरी सतरंजीवर बसून पाहिले, तिकीट कितीला होते, शेजारी कोण बसले होते, हे फक्त आपल्याच घरातल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे. उल्हासनगरच्या बराकीतली आजी, अंबरनाथचे निवृत्त कामगार, बदलापूरच्या जुन्या वाड्यातले काका, यांना या रविवारी विचारून पाहा आणि ते सांगतील ते तारखेनिशी वहीत टिपून ठेवा. पडद्यावरचा माणूस गेला तरी त्याचा चित्रपट पुन्हा लावता येतो. पाहणारा गेला, की त्याने पाहिलेले सारे त्याच्याबरोबरच जाते.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)