पिक्सेल : चौकोन नव्हे, आकडा

१/ मोबाइलवरचे छायाचित्र बोटांनी ताणत नेले की एका क्षणी चेहरा विरतो आणि रंगीत चौकोन उरतात. पिक्सेल म्हणजे हाच चौकोन, असा सार्वत्रिक समज आहे. तो कसा रुजला, हे पाहण्यासारखे आहे.

२/ १९५७ साली अमेरिकेच्या ‘नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स’मध्ये रसेल किर्श यांनी आपल्या तीन महिन्यांच्या मुलाचे छायाचित्र संगणकात उतरवले. छायाचित्र फिरत्या दंडगोलावर बसवून १७६ × १७६, म्हणजे ३०,९७६ ठिकाणी काळे की पांढरे एवढेच नोंदले गेले. या ठिकाणांची मांडणी त्यांनी चौकोनी ठेवली. पुढे तीच रूढ झाली.

३/ ‘पिक्चर’ आणि ‘एलिमेंट’ यांच्या संयोगातून झालेला ‘पिक्सेल’ हा शब्द १९६५ साली जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीच्या फ्रेड बिलिंग्स्ली यांच्या लेखनातून प्रथम छापला गेला. बोलण्यात तो त्याआधीच होता.

४/ त्याच वर्षी मरिनर-४ यानाने मंगळाची छायाचित्रे पाठवली. प्रत्येकात २०० × २०० बिंदू आणि प्रत्येक बिंदूसाठी ० ते ६३ पैकी एक आकडा. एक चित्र पृथ्वीवर पोहोचायला आठ तासांहून अधिक वेळ लागे. अधीर झालेल्या कर्मचाऱ्यांनी आकडे छापलेल्या कागदी पट्ट्या शेजारीशेजारी लावून रंगीत खडूंनी हाताने रंगवल्या. मंगळ आला होता तो आकड्यांच्या रूपात. रंग माणसांनी भरले.

५/ ‘पिक्सार’चे सहसंस्थापक अल्वी रे स्मिथ यांनी १९९५ साली हेच ठासून मांडले : पिक्सेल हा चिमुकला चौकोन नव्हे. ते एका बिंदूवर घेतलेले मोजमाप आहे. त्याला आकार नसतो. आकार देतो तो पडदा.

६/ खुद्द किर्श यांनाही चौकोनी मांडणीचा पुढे पश्चात्ताप झाला. ऐंशी ओलांडल्यावर, २०१० साली, त्यांनी निरनिराळ्या आकारांच्या पिक्सेलची पद्धत सुचवली आणि उदाहरणासाठी मुलाचे तेच छायाचित्र घेतले.

७/ हा भेद केवळ शब्दांचा नाही. मोजमापे मोजकीच असतात. अंधूक छायाचित्रातला वाहनक्रमांक मोठा करून ‘स्पष्ट’ केला जातो, तेव्हा मधल्या जागा संगणक अंदाजाने भरतो. रांगोळीचे ठिपके तेच राहतात. रेषा कुणी जोडल्या, हे पाहणाऱ्याने विचारायचे असते.